वास न येणारी फरशी

४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातला एक सध्या राखून ठेवला आहे, कारण पुढे वाचशीलच.

लिंबाच्या सालींचं आंबवलेलं पाणी फुकटात होतं, असं सांगून तू बाटली पाठवलीस. तिचा खरा खर्च मी मांडून ठेवला आहे. साली रसवाल्याने टाकून दिलेल्या, म्हणजे फुकट. पाणी नळाचं. साखर दोन मुठी. तुझी तीन महिन्यांची राखण, ती तू हौसेने केलीस म्हणून धरत नाही. इथवर तुझं म्हणणं खरं. त्यापुढे माझ्या चादरींच्या कपाटाचं एक दार, इस्त्री करून ठेवलेल्या चादरींचा अख्खा खण आणि सात नंबरच्या खोलीतल्या विमा एजंटाची दुपारची झोप. बाटली अशी काही फुटली की तो गृहस्थ अनवाणी जिना उतरून खाली आला आणि गोळी कुठे झाडली म्हणून विचारू लागला. माझ्या भाचीचा घरगुती उद्योग आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याने संध्याकाळी खोली सोडली.

आता मुद्द्याचं. हे फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू मधेच तोंड घालतेस. पत्रात तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

आपलं जे ठरलं आहे ते लेखी असू दे. तू बरी चाललेली नोकरी सोडलीस आणि साबण किसत बसलीस. त्या पाळणाघराच्या बाईंनी साफसफाईच्या कामासाठी तुला फेब्रुवारीचा महिना चाचणीचा दिला आहे. महिनाअखेर त्यांनी तुला कायम केलं तर मी काउंटरचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही केलं तर मार्चात तू इकडे यायचं आणि माझ्या खुर्चीत बसायचं. अठरा खोल्यांचं लॉज मी ओल्या फडक्यापासून उभं केलं आहे. मला ना मूल ना बाळ, गुडघे जिन्याशी भांडायला लागलेत, आणि हे सगळं परक्याच्या हातात जावं असं मला वाटत नाही. तेव्हा तू हरावीस अशी माझी मनापासून इच्छा आहे. तोंडावर सांगतो, म्हणजे मागाहून कपटी म्हणायला नको.

आक्काला नमस्कार सांग. लोभ आहेच, तो वाढेल की आहे तेवढाच राहील, ते पुढची बाटली कशी वागते त्यावर.

तुझा,
मामा


९ फेब्रुवारी

ती. मामांस,

सा. न. वि. वि. कपाटाच्या दारालाही माझा वेगळा नमस्कार कळवावा.

बाटलीचं झाकण मी सैल ठेवलं होतं. आई साक्षीला आहे. आत साली आंबत असतात, त्यांचा वायू बाहेर पडायला वाट लागते. पण सैल झाकण दिसलं की ते जीव खाऊन पिळायचं ही तुमची जुनी खोड. तुम्ही आमच्याकडे राहून गेलात की मिठाची बरणी, तेलाचा डबा आणि न्हाणीघराचा नळ उघडायला आईला दोन दिवस शेजारच्या सुताराला हाका माराव्या लागतात. तेव्हा तुमच्या हिशेबातलं दार तुमच्याच नावावर मांडा. चादरी निम्म्या-निम्म्या करू.

तुमची अट मला मान्य आहे. मी हरणार नाही, त्यामुळे मान्य करायला काही जड गेलं नाही.

पाळणाघर म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भिंतीला टेकून गाद्या, खिडकीत चार मोठ्या काचा, मधे बुटकं टेबल. या टेबलाचा एक कोपरा एक मुलगा रोज चाटतो. त्याला तोच कोपरा लागतो, दुसरा चालत नाही. रांगणारी पोरं फरशीवर पडलेलं सगळं तोंडात घालतात. आधी जे बाजारचं औषध वापरायचे त्याने पोरांचे डोळे चुरचुरायचे, म्हणून बाईंनी मला बोलावलं. मी साध्या साबणाची वडी किसून गरम पाण्यात विरघळवते, ते पाणी फरशीला. सालींचं पाणी नळांना आणि काचांना. खायचा सोडा ओला करून सिंकला आणि टेबलाला, वर दोनदा स्वच्छ फडकं. इतकंच. तिन्ही बाटल्या वेगळ्या, तिन्हींची फडकी वेगळ्या रंगांची.

काम चोख होतं. बाई स्वतः गुडघ्यावर बसून बघतात. अडलंय ते पालकांपाशी. त्यांना वास येत नाही. एक आजोबा नातीला सोडायला येतात, उंबऱ्यात उभे राहून असा लांब श्वास घेतात की आता गाणं म्हणतील असं वाटतं, आणि मग बाईंना सांगतात की आज फरशी पुसलेली दिसत नाही. एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं की खर्च वाचवायला नुसतं पाणी मारता का. बाईंनी काल मला स्पष्ट सांगितलं, फरशी स्वच्छ आहे हे त्यांना दिसतं, पण मुलं पाठवायची की नाही हे पालक ठरवतात, आणि पालकांचा विश्वास नाकात असतो.

म्हणून तुम्हाला विचारते. लोकांना खोली पसंत पाडण्यात तुमचा जन्म गेला. आणि मी हरावं असं ज्याला वाटतं त्याच्याकडूनच सल्ला घ्यावा, म्हणजे तो निदान आळसाने दिलेला नसतो.

आई म्हणते, गुडघ्यांना तेल लाव आणि पोरीला घाबरवू नकोस. मी घाबरले नाहीये, हे मी माझ्याकडून जोडते.

लोभ आहे तसाच सैल झाकणाने असू द्यावा.

तुमची,
मुंगी


१३ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

आशीर्वाद. मागचा राखून ठेवलेलाही यातच धर, झाकणाचं तुझं म्हणणं मावशींनी उचलून धरलं. मावशी म्हणजे माझ्याकडची सगळी साफसफाई बघणारी बाई, तिला तू ओळखतेस. माझी झाकणं उघडायला ती कमरेला पक्कड लावून फिरते, हे मला इतक्या वर्षांनी तुझ्या पत्रामुळे कळलं.

सल्ला देऊ नये असं दोन दिवस ठरवत होतो. पण धंद्यातला प्रश्न समोर आला आणि उत्तर ठाऊक असलं की माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

मला आयुष्यात डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडले. माणूस काउंटरसमोरची खुर्ची कशी ओढतो त्यावरून तो एक रात्र राहणार की आठवडा, हे मी मान वर न करता सांगतो. कँटीनमध्ये ग्लास धुवायचो तेव्हा मालकाने एक गोष्ट शिकवली होती. ग्लास धुतला की गिऱ्हाइकाच्या समोर आणायचा आणि ओल्या अंगठ्याने कडेवर एकदा घासायचा. कुईं असं वाजलं की गिऱ्हाईक चहा मागवायच्या आधीच खूष. तेलकट ग्लास वाजत नाही. तुझ्या फरशीला वास नाही ना, मग तिला आवाज दे. फरशी वाजत नाही हे मलाही कळतं, पण खिडकीच्या काचा वाजतात. पालक मुलांना घ्यायला येतात बरोबर त्या वेळेला काचा पुसायला घे. तुझं ते सालींचं पाणी मार आणि कोरड्या वर्तमानपत्राने जोर लावून घास. जिन्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

दुसरं, थोडा देखावा. सोड्यावर व्हिनेगर किंवा आंबट काही ओतलं की फसफसून वर येतं, हे मी कँटीनमध्ये पाहिलंय. पालकांसमोर बादलीत सोडा टाक, वरून तुझं सालींचं पाणी ओत, आणि फेस खाली बसायच्या आत त्याच पाण्याने फरशी पुस. फेस दिसला की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं. वासाच्या जागी फेस. नाकाला नाही तर डोळ्याला काहीतरी द्यावं लागतं.

माझं ऐक, हे मी हवेत बोलत नाही. माझ्या काउंटरवर तक्रारपेटी आहे, पितळी अक्षरांची. लॉज सुरू केलं त्या दिवशी बसवली, आणि आजतागायत तिच्यात एक चिठ्ठी पडलेली नाही. शहरातल्या मोठ्या हॉटेलवाल्यांपैकी कुणी असं सांगू शकतो का, ते विचारून बघ. गिऱ्हाइकाला काय हवं ते मला त्याच्या आधी कळतं.

आणि समज, अगदी नुसतं समज, तू जिंकलीस, तर माझ्या अठरा खोल्यांच्या साफसफाईचा मालही तुझ्याकडून घेईन. हरलीस तर तू काउंटरवर बसून स्वतःच स्वतःला ऑर्डर दे.

आक्काला सांग तेल लावलं. लोभ करावा, आणि केला तर जरा कळेल असा करावा.

तुझा,
मामा


२१ फेब्रुवारी

ती. मामांस,

सा. न. वि. वि. अर्ध्या सल्ल्याबद्दल नमस्कार कबूल, उरलेल्या अर्ध्याचा आधी जाब.

काचांचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पहिल्याच संध्याकाळी कुईं कुईं सुरू झालं आणि पोरं खेळणी टाकून खिडकीशी आली. खालचा शिंपी वर डोकावून गेला, त्याला वाटलं मांजर अडकलं. आजोबा उंबऱ्यात आले, श्वास घ्यायला छाती फुगवली आणि तशीच विसरून ऐकत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीला काचेपाशी नेऊन दाखवलं की बघ, काच आहे की नाही तेच कळत नाही. वास येत नसल्याचं त्या दिवशी कुणीच बोललं नाही.

म्हणून मी दुसरा सल्लाही डोळे मिटून घेतला. सोमवारी सगळ्यांसमोर बादलीत सोडा, वरून सालींचं पाणी. फेस काठावरून बाहेर आला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, एका वडिलांनी फोटो काढला. आजोबा म्हणाले की आता कसं, आज खरं पुसलं. त्याच पाण्याने मी दोन्ही खोल्या पुसल्या आणि ऐटीत घरी आले.

मंगळवारी सकाळी फरशीवर पांढुरकी साय होती. पोरांचे मोजे पांढरे, रांगणाऱ्यांचे गुडघे पांढरे, कोपरा चाटणाऱ्याने कोपरा चाटला आणि तोंड वाकडं करून पहिल्यांदाच तो सोडून दिला. बाईंनी फरशीवरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. मामा, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन स्वयंपाकघराच्या फरशीचे खडूने दोन भाग केले. एक साबणाच्या पाण्याने पुसला, दुसरा तुमच्या फेसाने. आईला डोळे मिटून अनवाणी चालायला लावलं. खडूची रेघ ओलांडताच ती म्हणाली, इथे काहीतरी सांडलंय. सोडा आणि आंबट पाणी वेगवेगळे असतात तेव्हा दोघंही कामाचे. एकत्र घातले की ते एकमेकांनाच संपवतात, आपल्या वाट्याला खारट पाणी आणि न विरघळलेला सोडा उरतो. माझ्या दोन्ही आत्या एका स्वयंपाकघरात शिरल्यावर होतं तसंच, आवाज भरपूर, जेवण बाहेरून. हे मला आधी समजायला हवं होतं. तिन्ही बाटल्या वेगळ्या ठेवायच्या हा माझाच नियम, आणि टाळ्यांसाठी मीच तो मोडला.

मग मी काय केलं ते ऐका. गुरुवारी पालक यायच्या वेळेला दोन बादल्या घेऊन दारातच बसले. सोमवारचा फेस हा देखावा होता, त्याने फरशी स्वच्छ न होता खराब झाली, आणि ते मी केलं, असं सगळ्यांना सांगितलं. स्वच्छ फरशीला वास नसतो आणि फेसही नसतो, असं सांगून त्यांच्यासमोर साबणाच्या पाण्याने पुसली, साध्या पाण्याने परत पुसली आणि वाळल्यावर ज्याला हवं त्याच्या हातात पांढरा रुमाल दिला. सात-आठ जणांनी फरशीवर घासून पाहिला. आजोबांनी तर गादीखालची फरशी घासली.

तेव्हा खर्च वाचवण्याबद्दल विचारणाऱ्या त्या आईने विचारलं की तुमच्या पाण्याने जंतू मरतात का. मी सांगितलं की साबणाने मळ निघतो आणि मळाबरोबर पुष्कळ जंतूही धुऊन जातात, पण मारायचं काम माझी कुठलीच बाटली खात्रीने करत नाही. संडासाला आणि कुणी ओकलं तर तिथे बाजारचं जंतुनाशकच वापरायचं, तेही एकटंच, माझ्या बाटल्यांपासून लांब, कारण त्यातली काही आंबटाशी मिसळली तर विषारी धूर होतो. आजोबा मागच्या बाजूला कुणाला तरी म्हणाले की ही पोरगी विकायला आली आहे की विकू नका सांगायला. ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

बाईंनी अजून होय म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. दाराशी मी एक पाटी टांगली आहे, फरशीबद्दल कुणाचं काही असेल तर खडूने लिहावं. रोज भरते. काल कुणीतरी लिहिलं होतं की पायरीचा कोपरा राहतो. खरंच राहत होता.

अठ्ठावीसला कळेल. कायम झाले नाही तर एक तारखेला बॅग घेऊन येईन, शब्द म्हणजे शब्द. पण मला वाटतं बॅग खाली काढावी लागणार नाही.

लोभ असावा, फेस नसावा.

तुमची,
मुंगी


१ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. पत्र मी लिहिते आहे, कारण पोरगी लिहायला बसली की तुला चिडवण्यात दोन पानं घालवेल, आणि तू कशाची वाट बघतो आहेस ते मला माहीत आहे.

तिला कायम केलं. काल संध्याकाळी मी स्वतः जिन्यात उभी होते. पाळणाघराच्या बाई फार बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी पोरीला सांगितलं की फरशी पुसणारे पुष्कळ मिळतात, पण काय पुसलं जात नाही हे मालकाच्या आधी सांगणारी त्यांना पहिल्यांदाच भेटली. मग किल्ली हातात दिली. एवढंच. पोरगी जिन्यात आली, मला म्हणाली की पायरीचा कोपरा बघून घेते, आणि कोपरा बघायला खाली वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. मी दुसरीकडे बघत राहिले.

आता तुला बोलायचं ते बोलते. तुला काच कशी वाजवायची ते कळतं, पण सोड्याचं पाणी बादलीत ओतून तमाशा करायला तू माझ्या मुलीला शिकवलंस, आणि तिचं काम त्यात जाता जाता राहिलं. हरावी असं तुला वाटत होतं म्हणून मुद्दाम केलंस असं ती एकदाही म्हणाली नाही. मीही म्हणत नाही. तुला मनापासून तेच बरोबर वाटलं, हे त्याहून काळजीचं आहे.

तुझी खुर्ची रिकामी राहिली याचं तुला लागणार. लहानपणी पत्त्यांत हरलास तरी दोन वेळा जेवायचा नाहीस. तेव्हा सांगते, लॉज परक्याच्या हातात जायला नको असेल तर मावशींना काउंटरवर बसव. चाव्या तिच्या कमरेला, खोल्या तिला पाठ, पाहुणे तिला ओळखतात. परकी आहे ती फक्त तुझ्या डोक्यात.

तू अठरा खोल्यांच्या मालाचं लिहिलं होतंस. मुंगी म्हणते, देईन, पण नव्या गिऱ्हाइकाचं काम धरण्याआधी त्याच्या पाहुण्यांच्या तक्रारी वाचायच्या असा आता तिचा नियम आहे. त्या तेवढ्या धाडून दे.

जेवलास का ते कळव. लोभ माझ्याकडून जन्मापासून चालू आहे, त्याची आठवण करून देत बसत नाही.

तुझी,
आक्का


७ मार्च

चि. मुंगीस,

अनेक उत्तम आशीर्वाद, या वेळी एकही राखून न ठेवता.

जिंकलीस. पत्र आलं त्या दिवशी एकच वेळ जेवलो, हे आक्काला सांग, म्हणजे वय झाल्यावर सुधारलो असं तिला वाटेल. फेसाच्या बाबतीत माझी चूक झाली. मी इथे न्हाणीघरात तुझ्यासारखीच खडूची रेघ मारून दोन्ही प्रकारे पुसून बघितलं. कान माझे चांगले आहेत, पण फरशी पायाला कळते, कानाला नाही, हे पक्कं झालं.

सोमवारपासून मावशी काउंटरवर बसते. मी तिला बसायला सांगितलं तेव्हा तिने आधी खुर्ची पुसून घेतली, आणि मग मला विचारलं की आता जिने कोण पुसणार. जिने पुसायला तिनेच दुपारपर्यंत एकजण शोधून आणली. त्याच दिवशी एक जोडपं एका रात्रीसाठी आलं होतं, तिने त्यांना रस्त्याकडची नको, मागची शांत खोली घ्या असं सुचवलं, त्यांनी ती आठवडाभरासाठी घेतली. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मी काउंटरवर असतो तर रस्त्याकडचीच दिली असती, त्या खोलीचं दार वाजत नाही म्हणून. तू नाहीस याचं वाईट वाटतं, ते मी लपवत नाही. पण तुझी किल्ली दुसऱ्या दाराची आहे, आणि ती तू स्वतः मिळवलीस. मलाही कुणी खुर्ची दिली नव्हती, मग तुला तरी आयती दिलेली कशी आवडेल, हे मला आधी सुचायला हवं होतं.

आता गिऱ्हाईक म्हणून बोलतो. साबणाचं पाणी अठरा खोल्या आणि दोन जिन्यांना पुरेल एवढं धाड. सालींचं पाणी नळांना आणि काचांना. पुढच्या व्हरांड्याची लादी चुनखडीच्या दगडाची आहे, तिथे आंबट चालत नाही असं मावशी म्हणते, तू खात्री करून सांग. आंबवणं पुरं झालेल्याच बाटल्या पाठव. झाकणांना मी हात लावणार नाही, मावशीने तसं माझ्याकडून वदवून घेतलं आहे.

तक्रारींचं विचारलंस, तर एकही नाही. ते तुला पुराव्यानिशी कळवावं म्हणून पत्र बंद करण्याआधी पेटी उघडायला मावशीला सांगितलं आहे.

तुझ्या सगळ्या फरशांना आणि त्यांच्यावर रांगणाऱ्यांना आशीर्वाद. लोभ आता व्यवहारातही चालू राहावा, ही पहिल्यांदाच खरोखरची विनंती.

तुझा,
मामा

ता. क. पेटी उघडली. रिकामी आहे. चिठ्ठी टाकायची फट लॉजच्या पहिल्या रंगकामातच रंगाने बुजून गेली आहे.